शेजाऱ्यांच्या किचनमधला उरलेला प्लाय आणि बेस गिटार: कुणी केलंय का हे?

चुनाभट्टी_लोकल | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आमच्या वरच्या मजल्यावर दोन महिने किचनचं काम चालू होतं. काल मिस्त्री काम संपवून गेला आणि १८ एमएम प्लायचे पाच तुकडे जिन्याखाली राहिले. वरच्या काकांना विचारलं, ते म्हणाले घेऊन जा बाबा, तेवढाच पसारा कमी. आता ते पलंगाखाली आहेत. आईला अजून पत्ता नाही.

कॉलेजात बेस वाजवायचो. तो बेस मित्राचा होता, तो बंगळुरूला गेला आणि बेसही गेला. नवा घ्यायचं बजेट नाही. तयार नेक (तारा दाबायची लांब मान) विकत घेऊन बॉडी घरी करायची असं डोक्यात आहे. प्लायचे थर एकमेकांवर चिकटवायचे, आकार कापायचा, पिकअप (तारेची हालचाल विजेत बदलणारा) आणि ब्रिज (बॉडीवर तारा अडकवतात तो) बसवायचा. नेटवर पाहिलं तर निम्मे लोक म्हणतात प्लायचा आवाज मेलेला असतो, निम्मे म्हणतात काही फरक पडत नाही. प्रत्यक्ष केलेलं कुणी आहे का इथे?

राउटर (लाकडात खाचा खणायचं मशीन) नाही. एक जिगसॉ आणि काकांची जुनी ड्रिल आहे.

फुकटचा_सल्ला | रविवार, रात्री १०:५२

सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या लाव. नोट संपली की आपोआप हळूच बंद होईल.

खर्जातला_सा | रविवार, रात्री ११:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्लायवूड हे फर्निचरचं साहित्य आहे, वाद्याचं नाही. लाकडाला रेषा असते, त्या रेषेतून कंपन धावतं. प्लायमध्ये प्रत्येक थर आधीच्या थराला आडवा आणि मध्ये गोंद. म्हणजे कंपनाला दर दीड मिलिमीटरवर टोलनाका. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तो अ‍ॅशच्या लाकडाचा, पुढे अल्डर वापरलं. प्लाय तेव्हाही होताच की अमेरिकेत.

वर्षभर पैसे साठवा, बरं लाकूड घ्या.

सोल्डरराव | सोमवार, सकाळी ८:०५

टोलनाका आवडला, पण गाडी त्या रस्त्याने जातच नाही.

बेस गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज येते. पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही, त्याला तार दिसते. लाकडाचा हात असतो तो एवढाच की तारेची ऊर्जा कुठल्या सुराला किती लवकर शोषली जाते. आणि त्यात बॉडीपेक्षा नेकचा वाटा मोठा, कारण लांब, बारीक आणि लवचीक तोच आहे. बऱ्याच बेसवर सगळ्यात पातळ 'जी' तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या पट्ट्या) आसपास एखादा सूर पटकन मरतो ना, डेड स्पॉट म्हणतात तो, तो नेकचा प्रताप. अ‍ॅश लावून जात नाही.

आणि इतिहासच काढायचा तर डॅनइलेक्ट्रो घ्या. १९५० च्या दशकात त्यांनी हार्डबोर्डच्या पाट्या लाकडी चौकटीवर चिकटवून गिटारी केल्या, बेससुद्धा. हार्डबोर्ड म्हणजे आपल्या शाळेत परीक्षेला पॅड न्यायचो ते. त्या गिटारी आज लोक शोधून शोधून महाग घेतात.

खर्जातला_सा | सोमवार, सकाळी ९:३०

डॅनइलेक्ट्रोचा आवाज वेगळाच आहे, आणि तो वेगळा आहे म्हणूनच लोक घेतात. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

सोल्डरराव | सोमवार, सकाळी ९:३४

त्यांचे पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवलेले होते काका. आवाज तिथून वेगळा.

फुकटचा_सल्ला | सोमवार, सकाळी ९:४१

शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

रंधा_पटाशी | सोमवार, दुपारी २:२०

आवाजाचं मला कळत नाही. पण प्लाय रोज हातातून जातो, वडिलांपासून फर्निचरचं काम, आता जोगेश्वरीला वर्कशॉप आहे. तेव्हा लाकडाबद्दल बोलतो.

धागाकर्ते, 'प्लाय' हा एक माल नाही. किचनवाल्याने काय टाकलंय ते आधी बघा. तुकड्यावर शिक्का असेल तर आयएस ३०३ की आयएस ७१० (भारतीय मानकांचे नंबर) ते वाचा. ७१० म्हणजे मरीन, त्यात फिनॉलचा गोंद, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. ३०३ मध्ये दोन प्रकार, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) आणि एमआर. एमआर म्हणजे दमट हवा सोसेल एवढंच, पाणी नाही. युरियाचा गोंद असतो त्यात. शिक्का कापला गेला असेल तर कडेचा छोटा तुकडा भांड्यात पाणी घालून उकळा. एमआर असेल तर थर सुटायला लागतील.

पण वाद्यासाठी माझ्या मते शिक्क्यापेक्षा पोट महत्त्वाचं. स्वस्त प्लायमध्ये वरची साल छान लाल गर्जनची आणि आत पॉपलरचे जोडतुकडे. तुकड्यांमध्ये फट राहते. एका तुकड्यावर दुसरा चढला असेल तर फुगवटा येतो. किचनच्या कपाटात काही बिघडत नाही, वरून सनमायका. पण तुम्ही नेकचा खिसा नेमका त्या फटीवर खणलात किंवा ब्रिजचा स्क्रू त्या पोकळीत गेला, तर काय धरणार तो?

कसं शोधायचं: चारही कडा पॉलिश पेपरने घासून थर मोजा, काळी भोकं दिसतात का बघा. मग तुकडा दोन बोटांत लोंबता धरून गाठीने ठोकत जा. जिथे आवाज बदबद येईल तिथे पेन्सिलने गोल करा. पाच तुकड्यांतून दोन चांगले निघाले तरी नशीब.

आणि कडेच्या बाजूने स्क्रू मारू नका. समोरून प्लाय स्क्रू घट्ट धरतो, कडेने मारलात तर दोन थरांच्या मध्ये पाचर घातल्यासारखं होतं, फाटतो.

बोरिवलीची_माई | सोमवार, दुपारी ३:०५

रंधा_पटाशी, सिंकखालचा आमचा प्लाय पाच वर्षांत फुगून पुस्तकासारखा उघडलाय. तो एमआरच असणार ना? मिस्त्रीने तर 'वॉटरप्रूफ' सांगून पैसे घेतले होते. गिटारवाल्या मुला, तुझ्या धाग्यात घुसले, माफ कर. पण एवढं सरळ आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रंधा_पटाशी | सोमवार, दुपारी ३:३०

माई, न बघता कसं सांगू, पण लक्षण एमआरचंच. सिंकखाली ७१० शिवाय काही लावू नका आणि कडा उघड्या ठेवू नका. पाणी समोरून नाही शिरत, कडेतून शिरतं.

बेंजो_लालबाग | सोमवार, रात्री ११:५०

आत्ता प्रॅक्टिस संपवून आलो.

इथे कंपन-बिंपन चाललंय म्हणून सांगतो. आमचा बेंजो म्हणजे काय? पेटी, तारा, टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली पिकअपचं वेटोळं. माझ्या पेटीला वर-खाली प्लायच आहे. दहा विसर्जनं झाली. पाऊस, गुलाल, ट्रॉलीवरचे हादरे, जनरेटरचा धूर, सगळं खाल्लं तिने. आवाज? लालबागवरून निघालो की चिंचपोकळीच्या पुलावर कळतं लोकांना.

टोलनाके आमच्या गाडीला लागत नाहीत, ढोल पुढे असतो.

खर्जातला_सा | मंगळवार, सकाळी ७:५०

बेंजो_लालबाग, तुमच्या कलेला नमस्कार. पण अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत खेचला की पेटी प्लायची की पिठाची, काय कळणार?

माझी आजी तंबोरा घेऊन बसायची, मिरजेचा. लाकूड तुणाचं, खाली भोपळा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते काही उगाच नाही. तिथले कारागीर लाकूड वर्षानुवर्षं वाळवतात, भोपळा निवडताना टिचक्या मारतात. ते सगळे वेडे का?

सोल्डरराव | मंगळवार, सकाळी ८:२०

अजिबात नाही. तंबोऱ्याला पिकअप नसतो. तिथे भोपळा आणि तबलीच हवा हलवतात, म्हणून तिथे लाकूड सर्वस्व. इथे हवा हलवतो स्पीकर.

तरी गंमत बघा, उभा डबल बेस, जो पूर्णपणे लाकडावरच वाजतो, तोही शाळांमध्ये आणि जॅझवाल्यांकडे कितीतरी वर्षं प्लायचा असतो. अमेरिकेत के कंपनीने तसे भरपूर विकले. उन्हाळ्यात तडकत नाही, आपटला तरी वाचतो. म्हणजे टोलनाके असूनही गाडी पोचतेच.

सागवानी | मंगळवार, दुपारी १:१०

मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

२०१९ मध्ये पहिली बॉडी सागवानाची केली. आजोबांचा पलंग मोडला, त्याच्या फळ्या जोडून. दिसायला देखणी, उचलायला पाटा. मग लॉकडाऊनमध्ये हाताला काम नव्हतं म्हणून प्लायची दुसरी केली. तोच नेक, तोच पिकअप, त्याच तारा काढून इकडे बसवल्या, पिकअपपासून ब्रिजचं अंतरही तेवढंच. दोन्ही सरळ लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून मित्राला पाठवल्या, कुठली कोणती ते न सांगता. त्याने प्लायला 'हा तुझा सागवान, किती गोड' म्हटलं. एका मित्राचा एक कान, यावरून शास्त्र ठरत नाही हे मान्य. पण त्या दिवसापासून मी या वादात पडत नाही.

हातात मात्र फरक आहे, हे खर्जातला_सा यांच्या बाजूने सांगतो. सागवानी बॉडी पोटाला लागून थरथरते, ती थरथर वाजवताना आवडते. प्लायची गप्प असते.

आता खरी अडचण ऐका, ती आवाजाची नव्हतीच. मी आळस करून दोनच थर घेतले, १८ अधिक १८, म्हणजे ३६ एमएम. नेहमीची बॉडी ४५ असते. नेकचा खिसा १६ एमएम खोल खणला, खाली उरले २०. नेकचे तयार स्क्रू ४५ एमएमचे. २० बॉडी, स्क्रूच्या डोक्याखालचा पत्रा २, राहिले २३. आणि नेकची टाच (खिशात बसणारं टोक) सगळी मिळून जेमतेम २५, फ्रेटबोर्डसकट! शेवटचा स्क्रू पिळताना 'टक्' झालं आणि विसाव्या फ्रेटच्या शेजारी फ्रेटबोर्डला टेंगूळ आलं. नेकचा खर्च बाकी सगळ्याच्या दुप्पट होता. त्या रात्री जेवलो नाही.

३५ एमएमचे स्क्रू नागदेवीला दहा मिनिटांत मिळतात. आधी गेलो असतो तर.

चुनाभट्टी_लोकल | मंगळवार, रात्री ९:४५

बाप रे. हे आधी सांगितलंत म्हणून उपकार. मीही ३६ चाच विचार करत होतो.

काल रात्री आई झोपल्यावर पाचही तुकडे ठोकले. तीन बदबद, दोन ठणठणीत. शिक्का अर्धा आहे, '३०३' दिसतं, पुढचं कापलंय. उकळून पाहिलं, पंधरा मिनिटांत एक कोपरा सुटला. एमआर. आई उठून आली, 'रात्री बारा वाजता काय शिजवतोयस' म्हणाली. आता तिला माहीत आहे.

मापात_पाप | मंगळवार, रात्री १०:३०

१८ + १८ + ९ = ४५. नऊचा एक तुकडा विकत घे, प्रश्न मिटला. तीन थरांना प्रत्येकी साधारण १४ बाय २० इंच लागेल.

पण वजनाचं कुणीच बोललं नाही. अशा बॉडीचं घनफळ साडेचार लिटरच्या आसपास येतं. अल्डर लिटरला साडेचारशे ग्रॅम धर, म्हणजे दोन किलो. आपला प्लाय साडेसहाशे ते सातशे, म्हणजे तीन किलो. नेक, चाव्या, ब्रिज, पिकअप मिळून पावणेदोन. एकूण पावणेपाच किलो गळ्यात. दोन तासांची प्रॅक्टिस झाली की खांदा बोलेल.

उपाय: चिकटवण्याआधी मधल्या १८ च्या थरातून दोन्ही बाजूंनी जिगसॉने खिडक्या काप. मध्ये नेकपासून ब्रिजपर्यंत चार-पाच इंचाचा पट्टा भरीव ठेव. मधल्या थराचा एक तृतीयांश भाग गेला तरी चारशे ग्रॅम उतरतात. तारांचा ताण मिळून ७०-८० किलो असतो, तो सगळा त्या पट्ट्यावर येतो, म्हणून तिथे हात लावू नकोस.

अंधेरी_फास्ट | मंगळवार, रात्री १०:४४

फार हलकी करू नका पण. बॉडी हलकी झाली की पट्ट्यावर लटकवल्यावर नेक जमिनीकडे जातो आणि डावा हात सगळा वेळ तो उचलून धरण्यात जातो. ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी) म्हणजे चाव्या पार लांब असतात. प्लायचं वजन इथे कामाला येतं.

फुकटचा_सल्ला | मंगळवार, रात्री १०:४६

म्हणजे वजन हा दोष नसून वैशिष्ट्य आहे. लग्नाच्या जाहिरातीत मीही असंच लिहिणार.

नवखा_७७ | बुधवार, सकाळी ११:००

एमडीएफ चालेल का? आणखी स्वस्त पडतं.

रंधा_पटाशी | बुधवार, सकाळी ११:२०

नाही. प्लायपेक्षा जड, स्क्रू एकदा काढून परत लावला की भुसा, आणि जूनमध्ये पाव फुगतो तसं फुगेल.

सोल्डरराव | बुधवार, दुपारी ४:१५

वायरिंगचं. लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा यादी: २५० के चे दोन पॉट, म्हणजे आवाज आणि टोनचे फिरते कंट्रोल (आवाजाला लॉग मागायचा, लिनिअर नाही), ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पाव इंची मोनो जॅक. पॉटचा दांडा आणि तुझी नॉब जुळते का ते दुकानातच लावून बघ, घरी येऊन कळतं तेव्हा परत ग्रँट रोड करावं लागतं. तांब्याची चिकटपट्टी घे आणि पिकअपच्या व पॉटच्या खड्ड्यांना आतून अस्तर लाव, सगळं ग्राउंडला जोड. ब्रिजखालून एक तार ग्राउंडला न्यायला विसरू नकोस. नाही तर तुझ्या घरच्या पंख्याचा रेग्युलेटर तुझ्या बँडचा पाचवा सदस्य होईल.

पिकअप दुभागलेला, प्रिसिजनचा १९५७ पासूनचा नमुना घे. त्याची दोन वेटोळी एकमेकांची घरघर खोडतात. एका वेटोळ्याचा स्वस्त मिळतो, पण मुंबईत नको.

खर्जातला_सा | बुधवार, रात्री ८:३०

सागवानी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. कान माझेही आता साठीचे आहेत, पैज लावणार नाही. पण ती पोटाला लागणारी थरथर, त्यालाच तर मी वाद्य म्हणतो. ऐकणाऱ्याला काही का मिळेना, वाजवणाऱ्याला काय मिळतं? तेवढं एक सोडा माझ्याकडे.

मुला, कर तू प्लायची. फक्त नेकवर काटकसर नको.

सागवानी | बुधवार, रात्री ८:५२

काका, हे मान्य. म्हणूनच पलंगाची बॉडी अजून विकली नाही.

बोरिवलीची_माई | गुरुवार, सकाळी १०:१०

वेगळा प्रश्न. हा मुलगा हे सगळं फ्लॅटमध्ये कापणार आहे? आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल लावली तर सेक्रेटरी स्वतः वर येतात. आणि तो भुसा नाकात जातो रे, मास्क लाव. प्लायच्या गोंदाचा वास बरा नसतो.

चुनाभट्टी_लोकल | रविवार, संध्याकाळी ६:१५ (तीन आठवड्यांनी)

झाली! सगळ्यांनी विचारलं म्हणून सविस्तर.

माई, फ्लॅटमध्ये नाही कापलं. रंधा_पटाशी यांनी व्यक्तिगत निरोपातून वर्कशॉपला बोलावलं. चहा दिला, राउटर दिला, आणि माझ्या हातातून दोनदा काढूनही घेतला. नेकचा खिसा त्यांनीच मारला. टाच ६३.५ एमएम रुंद, खिसा इतका नेमका की नेक नुसता दाबून बसवला आणि बॉडी उचलली, तरी पडली नाही. पैसे घेतले नाहीत, 'बिट बोथट केलास तेवढा आणून दे' म्हणाले. प्लायच्या गोंदाने बिट खरंच खाल्ला जातो.

थर १८ + १८ + ९. मधल्यात खिडक्या. चिकटवताना घरातले सगळे सी क्लॅम्प कमी पडले म्हणून वर गव्हाच्या पिठाचे दोन डबे ठेवले, रात्रभर. सकाळी पोळ्यांना उशीर.

खिडकी कापताना मधल्या थरात बोटभर फट निघाली. ठोकून पाहिलं होतं तरी. नशिबाने जो भाग कापून फेकायचा होता त्यातच होती.

ब्रिज लावायच्या आधी नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची पट्टी, तार जिथे टेकते) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजलं, ४३२ आलं, त्याच्या दुप्पट ८६४ वर खूण केली. जाड तारेची घोडी किंचित मागे सरकवावी लागली, तेवढी जागा ब्रिजमध्ये होती. वजन काट्यावर ४ किलो ४००. नेक खाली जात नाही.

चूक एकच. पट्ट्याची मागची खुंटी घाईत सरळ कडेत मारली. दोन दिवसांनी उभा राहून वाजवताना सुटली, थर उघडून. गिटार गुडघ्यावर झेलली. मग भोक मोठं करून त्यात सागवानाची गोल खुंटी चिकटवली (लाकूड सागवानी यांच्या पलंगाचं, आभार) आणि स्क्रू तिच्यात मारला. आता हलत नाही.

आवाज? जाड तार मोकळी सोडली की कपाटावरची भांडी वाजतात. सातव्या फ्रेटवर पातळ तारेचा सूर लवकर मरतो, म्हणजे सोल्डरराव बरोबर. पोटाला थरथर लागत नाही, म्हणजे खर्जातला_सा पण बरोबर.

खर्जातला_सा | रविवार, संध्याकाळी ६:४०

अभिनंदन. कडेचे थर रंगाखाली झाकू नकोस, पट्टे छान दिसतात. हे मी म्हटलं असं कुठे सांगू नकोस.

बेंजो_लालबाग | रविवार, रात्री ११:३०

एक नंबर भावा. आमच्या पथकात बेस नाही. चतुर्दशीला ये घेऊन, ट्रॉलीवर जागा करतो. पावसात वाजव, मग कळेल प्लाय काय चीज आहे.

चुनाभट्टी_लोकल | रविवार, रात्री ११:३८

येतो! खरंच येतो.

रंधा_पटाशी | रविवार, रात्री ११:५५

एमआर आहे तो. बाहेरच्या कडांना सीलर मारलास का?

चुनाभट्टी_लोकल | सोमवार, रात्री १२:०२

तीन हात.

रंधा_पटाशी | सोमवार, रात्री १२:०४

आणि पिकअपच्या खड्ड्यात, तांब्याच्या पट्टीखाली?

चुनाभट्टी_लोकल | सोमवार, रात्री १२:०९

...

रंधा_पटाशी | सोमवार, रात्री १२:१०

छत्री घेऊन जा.